अंडे उकडणे

अंडे उकडणे म्हणजे कवचासकट अंडे गरम पाण्यात ठेवून त्यातला पांढरा भाग आणि बलक घट्ट करणे. मराठीत पाणी ‘उकळते’ आणि अंडे ‘उकडते’. ही दोन क्रियापदे वेगळी ठेवणे शास्त्रालाही धरून आहे, कारण अंडे घट्ट व्हायला १०० अंश सेल्सिअस लागत नाहीत. पांढऱ्या भागातली काही प्रथिने ६२ अंशांच्या आसपासच गोठू लागतात. बलक ६५ अंशांपुढे दाटतो आणि ७० च्या सुमारास घट्ट होतो. पांढऱ्यातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक असलेले ओव्हाल्ब्युमिन मात्र ८० अंश ओलांडल्यावरच पक्के होते. म्हणजे बलकाला कमी आच पुरते आणि पांढऱ्याला जास्त लागते. बलक आत असल्याने त्याच्यापर्यंत उष्णता उशिरा पोचते, म्हणूनच नरम बलकाचे अंडे जमते. इटलीतील नेपल्स येथील संशोधकांनी २०२५ मध्ये अंडे दर दोन मिनिटांनी १०० आणि ३० अंशांच्या पाण्यात आलटूनपालटून ठेवून दोन्ही भाग नेमके शिजवून दाखवले. त्याला ३२ मिनिटे लागतात. रोजच्या डब्याच्या घाईत एवढा वेळ कोणाला असणार!

घरी पाण्याला उकळी आणून आच मध्यम करावी आणि अंडी डावाने अलगद सोडावीत. खळखळत्या पाण्यात ती एकमेकांवर आपटून तडकतात. फ्रिजमध्ये न ठेवलेल्या मध्यम आकाराच्या अंड्याचा बलक सुमारे ६ मिनिटांत वाहता, ८–९ मिनिटांत मऊ आणि ११–१२ मिनिटांत पूर्ण घट्ट होतो. फ्रिजमधल्या अंड्याला मिनिटभर जास्त द्यावे. महाबळेश्वरला पाणी ९५–९६ अंशांवरच उकळते, तिथेही वेळ थोडा वाढवावा लागतो. पाण्यात मीठ घातल्याने अंडे लवकर शिजत नाही. कवच तडकलेच तर बाहेर येणारा पांढरा भाग मिठामुळे चटकन गोठतो, इतकाच त्याचा उपयोग.

कुकरची सोय कबूल, पण त्यात पाणी १०० अंशांच्या बरेच वर जाते आणि एखादी शिटी जास्त झाली की पांढरा भाग रबरासारखा चिवट होतो. बलकाभोवती हिरवट-करडी कडाही धरते. जास्त तापल्यावर पांढऱ्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड बलकातल्या लोहाशी संयोग पावतो, त्याची ही कडा. ती खाण्यास अपायकारक नाही, फक्त दिसायला उदास. अंडी उकडताच गार पाण्यात टाकली की आतले शिजणे थांबते आणि कडा सहसा धरत नाही.

सोलताना कवचाबरोबर पांढऱ्याचे लचके निघाले, तर दोष बहुधा हाताचा नसतो. अंडे फार ताजे असते. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर पडतो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि कवचाखालच्या पापुद्र्याला कमी चिकटतो. त्यामुळे आठवडाभर जुनी अंडी सुरेख सोलली जातात. सकाळीच खुराड्यातून आणलेले गावठी अंडे मात्र हमखास दगा देते. अंडी थंड पाण्यातच चढवण्यापेक्षा उकळत्या पाण्यात सोडली तरीही कवच सहज निघते. सोलायला सुरुवात बोथट टोकाकडून करावी, कारण हवेची पोकळी तिथेच असते.

कच्ची आणि उकडलेली अंडी एकत्र झाली, तर ओट्यावर गरकन फिरवून पाहतात. उकडलेले भिंगरीसारखे फिरते, कच्चे डगमगते. साल्मोनेला जंतूंच्या धोक्यामुळे लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना घट्ट बलकाचे अंडेच द्यावे. उकडलेली अंडी फ्रिजमध्ये कवचासकट आठवडाभर टिकतात, बाहेर मात्र दोन तासांपेक्षा आणि कडक उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त ठेवू नयेत. रश्श्यात घालायची असल्यास मसाला आत शिरावा म्हणून सोललेल्या अंड्यांना सुरीने उभ्या चिरा देतात. गाडीवर मात्र अंडे दोन फाका करून, वर मीठ-तिखट भुरभुरून कागदावरच हातात मिळते.