पुराची फूग आणि वळिवड्याची छावणी

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा मी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या मावशीला फोन केला. तिचं घर कुंभार गल्लीला लागून. म्हटलं, "नदी लांब आहे मावशी, घाबरू नको." ती म्हणाली, "पुढनं न्हाई येत पानी, बाळा. मागनं येतंय. नाल्याकडं बघ जरा." गल्लीतले कुंभार तेव्हा अर्धवट रंगवलेले गणपती पोटाशी धरून वरच्या मजल्यावर चढवत होते. रात्री पाणी शिरलं ते जयंती नाल्यातूनच. नदी तुडुंब भरली की नाल्याचं पाणी घ्यायला तिच्यात जागा उरत नाही, नाला तुंबतो आणि पाणी उलटं गावात चढतं. आपल्याकडे याला फूग म्हणतात.

युद्ध नको म्हणणाऱ्या देशात महायुद्ध कसं शिरतं, हे वाचताना मला ती फूग सारखी आठवते. सीमेवरचा दरवाजा तोडूनच ते येतं असं नाही. पुष्कळदा ते व्यापाराच्या, तेलाच्या, जहाजांच्या वाटेनं मागून चढतं.

याचा सगळ्यात जवळचा पुरावा कोल्हापूरच्या वेशीवरच आहे. वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. १९३९मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियानं पोलंड वाटून घेतला. रशियाच्या वाट्याच्या भागातून लाखो माणसं सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली गेली. जून १९४१मध्ये हिटलर रशियावरच उलटला, आणि कालचे कैदी काही आठवड्यांत मित्रराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांच्यातले हजारो १९४२मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. तिथून काही जण पुढे आपल्याकडे आले.

या प्रवासातलं इराण नीट बघण्यासारखं आहे. इराणनं युद्ध सुरू होताच तटस्थता जाहीर केली होती. पण त्याच्याकडे अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना होता, आणि आखातापासून कॅस्पियनच्या दिशेनं जाणारी, १९३८मध्ये पुरी झालेली रेल्वे होती. रशियाला रसद पोचवायला तीच वाट हवी होती. २५ ऑगस्ट १९४१ला ब्रिटन आणि रशिया दोन बाजूंनी इराणमध्ये घुसले. नॉर्वेचंही तसंच. स्वीडनचं लोखंडाचं खनिज हिवाळ्यात नार्विक बंदरातून जर्मनीला जायचं, म्हणून एप्रिल १९४०मध्ये जर्मन सैन्य तिथे उतरलं. या देशांचा भांडणात काहीच वाटा नव्हता. ज्याच्या अंगणातून पाण्याची वाट जाते, तो आधी बुडतो.

युद्धाचा प्रसार गणितानं मोजता येतो का, हे ज्यानं पहिल्यांदा मनापासून तपासलं तो माणूस हवामानशास्त्रज्ञ होता, याचं मला अप्रूप वाटतं. लुईस फ्राय रिचर्डसन. हवामानाचा अंदाज समीकरणांनी मांडण्याचा पाया त्यानं घातला. पहिल्या महायुद्धात बंदूक उचलायला नकार देऊन त्यानं फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवली. पुढे त्यानं शस्त्रस्पर्धेची समीकरणं मांडली. प्रत्येक देशाची शस्त्रं समोरच्याच्या शस्त्रांच्या भीतीनं वाढतात, स्वतःच्या खर्चाच्या ओझ्यानं मंदावतात, आणि जुन्या रागाची त्यात भर पडते. भीतीचा जोर ओझ्यापेक्षा जास्त झाला की वाढ थांबत नाही. शिवाय १८२०नंतरच्या युद्धांची मोजदाद करताना त्याला दिसलं की ज्या देशाला शेजारी जास्त, तो युद्धांतही जास्त वेळा ओढला जातो.

मग ज्याच्या दोन्ही बाजूंना महासागर आहेत, तो देश सुरक्षित असायला हवा. अमेरिकेतल्या बहुसंख्य लोकांना तसंच वाटत होतं. पहिल्या महायुद्धाचा कडवटपणा गेला नव्हता. १९३५पासून तिथे तटस्थतेचे कायदे होते, लढणाऱ्या कुणालाच शस्त्रं विकायची नाहीत. नोव्हेंबर १९३९मध्ये त्यात सवलत आली: रोख पैसे द्या आणि आपल्या जहाजातून माल न्या. कागदावर ती सगळ्यांना सारखीच. पण अटलांटिकवर ब्रिटिश आरमाराचा पहारा असल्यानं माल नेता येत होता तो फक्त ब्रिटन-फ्रान्सला. मार्च १९४१पर्यंत ब्रिटनची रोकड आटली, तेव्हा उसनवारीचा (लेंड-लीज) कायदा झाला: माल आधी न्या, हिशेब नंतर. आता माल अमेरिकेचाच असल्यागत झाला. तो बुडू नये म्हणून पहारा आला. सप्टेंबरमध्ये ग्रीअर ही अमेरिकी विनाशिका एका जर्मन पाणबुडीचा माग काढत होती आणि तिचा ठावठिकाणा ब्रिटिश विमानाला कळवत होती. पाणबुडीनं तिच्यावर टॉर्पेडो सोडला. ऑक्टोबरच्या अखेरीस रुबेन जेम्स ही दुसरी अमेरिकी विनाशिका जर्मन टॉर्पेडोनं बुडाली, शंभरावर खलाशी गेले. तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सक्तीच्या सैनिकी सेवेची मुदत वाढवणारं विधेयक प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२ अशा एका मतानं तरलं होतं. पाणी पायरीपायरीनं चढत होतं आणि घरात अजून वाद चालला होता.

पॅसिफिकच्या बाजूनं तेलाची वाट होती. जपानला लागणाऱ्या तेलातलं सुमारे ८० टक्के अमेरिकेतून यायचं. जुलै १९४१मध्ये जपाननं दक्षिण इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाम-कंबोडियाच्या भागात, सैन्य घातलं. अमेरिकेनं जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल थांबलं. युद्ध न करता दबाव आणायचा, हा त्यामागचा हेतू. टोकियोत मात्र साठा संपायचे दिवस मोजले जाऊ लागले. डच ईस्ट इंडीजचं, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचं, तेल घ्यायचं तर वाटेत अमेरिकेच्या ताब्यातलं फिलिपीन्स, आणि मागे पर्ल हार्बरचं आरमार. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले.

त्यानंतर चार दिवसांनी हिटलरनं अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. जपानशी केलेल्या करारानं तो तसा बांधील नव्हता. नात्यांच्या जाळ्यांचं गणित करणारे संशोधक अशा वेळी त्रिकोण बघतात: मित्राचा शत्रू तो शत्रू, शत्रूचा शत्रू तो मित्र. ज्या त्रिकोणात हे बसत नाही तो डळमळीत असतो. सगळे त्रिकोण स्थिर झाले की उरतात ते फार तर दोनच गट, आणि मधे उभं राहायला जागा राहत नाही. १९१४च्या युरोपातही आधीची तीसएक वर्षं तहांची जुळवाजुळव होत होत हेच झालं होतं. हे गणित युद्धाची तारीख सांगत नाही. कुठल्या बाजूला ताण साठतोय ते दाखवतं. मला तेवढंही मोलाचं वाटतं.

भारताला तर विचारलंही नाही. ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचं परस्पर जाहीर केलं. त्याच्या निषेधार्थ प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. तरी पुढे २५ लाखांवर भारतीय सैन्यात गेले. त्यांतला नाईक यशवंत घाडगे, मराठा पलटणीचा, १० जुलै १९४४ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोनच महिने आधी त्याच इटलीत पोलिश सैनिकांनी माँटे कॅसिनो घेतलं होतं. त्या सैनिकांतल्या कितीतरी जणांची बायकामुलं वळिवड्याच्या बराकींत होती. त्या पावसाळ्यात वळिवड्याच्या बायका इटलीहून येणाऱ्या पत्राची वाट बघत होत्या, आणि आपल्या गावोगावच्या मराठा बायकाही इटलीच्याच.