हृदय जाड म्हणजे मजबूत? नाय हो
परळला टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट घेऊन बाहेर आलेले काका खुशीत सांगत होते, "भिंत १३ मिलिमीटर, म्हणजे हार्ट पैलवानाचं!" हा गैरसमज फार जुना आहे. नॉर्मल भिंत साधारण १० पर्यंतच असते, आणि बीपी वर्षानुवर्षं १४०/९० च्या वर राहिलं की डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो, मग स्नायू जाड होतो पण कडकही होतो, नीट सैल पडत नाही, रक्त कमी भरतं आणि जिना चढताना दम लागतो. ठोके बिघडणं, हार्ट फेल्युअर, स्ट्रोक, सगळ्याचाच धोका वाढतो. काकांना काही त्रास नव्हता म्हणून बीपीच्या गोळ्या बंद केलेल्या (हे तर घरोघरी!). बीपी नीट कंट्रोलमध्ये ठेवलं तर ही जाडी बऱ्याचदा कमीपण होते.