अर्ध्या वितीवर चालणारी गाडी

पावसाळा सरत आला की रविवारी सकाळी साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना दुचाक्यांचं प्रदर्शनच रस्त्यावर भरलेलं दिसतं. कासची फुलं बघायला निघालेले बुलेटवाले, ॲक्टिव्हावर ट्रिपल सीट कॉलेजची पोरं, ड्यूकवरून गुडघा बाहेर काढून वळणारा एखादा हौशी, आणि वरच्या गावांतून दुधाचे कॅन लावून खाली उतरणारी स्प्लेंडर. रस्ता एकच, वळणंही तीच. तरी बुलेटला वळणात जरा ढकलावं लागतं, ड्यूक नुसत्या इशाऱ्यावर आडवी होते, ॲक्टिव्हा खड्ड्यात दचकते आणि दुधाच्या गाडीचं हँडल हलकं पडतं. इंजिनाच्या सीसीशी याचा संबंध थोडाच. गाडीचा स्वभाव बराचसा सांगाड्याच्या कोनांत आणि अंतरांत ठरून गेलेला असतो. शोरूममध्ये सगळे ‘किती देते?’ विचारतात, कोन किती आहे, असं विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

तो कोन पुढच्या बाजूला असतो. गाडीकडे बाजूने पाहिलं तर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, सरळ खाली उतरत नाही, तिरका पुढे जातो. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं, म्हणजे गॅरेजात जिला ‘टी’ म्हणतात तिचा दांडा, तोही तसाच तिरका असतो. उभ्या रेषेपासून तो जितका कललेला असतो तो कोन म्हणजे रेक. रोजच्या वापराच्या गाड्यांत हा साधारण २६ अंशांच्या आसपास असतो, स्पोर्ट्स गाड्यांत २४ च्या जवळ, आणि लांबलचक क्रूझर गाड्यांत ३० किंवा त्याहूनही जास्त. आता टीच्या दांड्याची रेष मनातल्या मनात थेट जमिनीपर्यंत वाढवा. टायर जिथे जमिनीला टेकतो, त्याच्या थोडी पुढे ती जमिनीला भेटते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. बहुतेक मोटारसायकलींत ते ९ ते ११ सेंटिमीटर भरतं, म्हणजे अर्धी वीत.

दवाखान्यातल्या स्ट्रेचरची चाकं आठवा. स्ट्रेचर ढकललं की प्रत्येक चाक आपोआप गिरकी घेऊन दांड्याच्या मागे येतं आणि मग तसंच मागून चालत राहतं. टेकण्याची जागा दांड्याच्या मागे असल्यामुळे चाक जरा वाकडं झालं तरी जमिनीचं घर्षण त्याला ओढून सरळ करतं. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचंही तेच. खड्ड्याने हँडलला झटका दिला तर ते सरळ करण्याचं काम आपल्या हातांच्या आधी ही अर्धी वीत करते.

मग ट्रेल भरपूर ठेवला तर काय बिघडलं? बिघडतं ते वळताना. सरळ राहण्याची ओढ जितकी जास्त, तितकी गाडी वळायला नाखूश. क्रूझर पुणे-बेंगळुरू महामार्गावर निवांत चालते आणि पसरणीच्या घाटात खांदे दुखवते, त्याचं कारण हेच. शिवाय दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जितकं लांब तितकं तेच वळण घ्यायला हँडल जास्त फिरवावं लागतं. स्प्लेंडरचा व्हीलबेस १२३६ मिलिमीटर आणि रॉयल एनफील्डच्या नव्या क्लासिक ३५० चा १३९०. हा पाऊण वितीच्या आसपासचा फरक, त्यात वजन ११२ किलोंच्या जागी १९५ किलो. स्प्लेंडर राजवाड्यावरच्या गर्दीत का घुसते आणि बुलेट का थांबून राहते, हे एवढ्यावरून कळतं.

हे आकडे किती नाजूक असतात ते हिशोब केल्यावरच लक्षात येतं. समजा चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर आहे, रेक २६ अंश आणि फोर्क टीच्या दांड्यापासून ४० मिलिमीटर पुढे बसवलेला आहे. भूमितीने ट्रेल येतो १०२ मिलिमीटर. रेक फक्त एका अंशाने कमी केला की तो ९६ वर येतो. जोरात ब्रेक दाबल्यावर पुढचे शॉकअप खाली बसतात, तेव्हा रेक असाच कमी होतो आणि गाडी वळायला तेवढ्यापुरती तयार होते. मागची बाजू बसली की उलटं होतं.

म्हणून दुधाची गाडी बघण्यासारखी असते. ४० लिटरचे दोन कॅन भरले की दूध आणि कॅन मिळून ९० किलो सहज होतात. मागचे शॉकअप आणखी ४ सेंटिमीटर बसले, तर सव्वा मीटर लांबीच्या गाडीचं नाक जवळजवळ २ अंश वर उचललं जातं. हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो तो यामुळे. वरच्या हिशोबातला १०२ मिलिमीटरचा ट्रेल आता ११३ होतो. कागदावर गाडी जास्त स्थिर झाली. प्रत्यक्षात तसं वाटत नाही, कारण कॅन बहुधा मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतात. त्यांचं वजन ॲक्सलपासून १५ सेंटिमीटर मागे धरलं तर मागच्या चाकाला टेकू करून गाडीची चक्क तरफ होते: पुढच्या चाकावरचा सुमारे ११ किलो भार कमी होतो आणि मागच्या चाकावर १०० किलोंहून जास्त वाढतो. चाकावर भारच नसेल तर ट्रेल कितीही असला तरी घर्षण हँडल सरळ करणार कशाच्या जोरावर? हँडल हलकं पडतं ते इथे. तेच कॅन वीतभर पुढे सरकवून, ॲक्सलच्या पुढे आणि जरा खाली बांधले, तर पुढच्या चाकावरचा भार घटायच्या ऐवजी वाढतो.

मागे लटकलेल्या ओझ्याचा दुसरा त्रास वेगात कळतो. गाडीचं शेपूट सेकंदाला दोन ते चार वेळा डावी-उजवीकडे डुलू लागतं आणि त्याच तालावर सगळी गाडी कलत राहते. इंग्रजीत याला वीव्ह म्हणतात. हँडलची थरथर, म्हणजे वॉबल, हा वेगळा प्रकार. ती बरीच जलद, सेकंदाला सहा ते दहा वेळा, आणि बहुतेकदा ६०-८० च्या वेगावरून गाडी हळू होताना, हात सैल असताना सुरू होते. मेकॅनिक आधी बॉल रेसर, म्हणजे टीच्या दांड्याचे बेअरिंग, ढिले झालेत का बघतो आणि मग टायर, रिमचा आउट (वाकडेपणा), मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश. त्याचा क्रम बरोबरच असतो. आपण मात्र घाबरून हँडल आवळतो आणि करकचून ब्रेक मारतो. दोन्ही वाईट, कारण ब्रेकने भार आणखी त्याच चाकावर येतो जे आधीच थरथरतंय. हलक्या हाताने धरून वेग हळूहळू उतरू देणं बरं.

ट्रेलचं एवढं कौतुक केलं, तर एक गोष्ट सांगायलाच हवी. दुचाकी पडत का नाही याचं शाळेत मिळणारं उत्तर असतं ‘फिरत्या चाकांच्या जायरोस्कोपिक परिणामामुळे’, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरतं चाक कलायला विरोध करतं म्हणून. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९७० साली हे तपासायला एका सायकलला पुढे जमिनीला न टेकणारं आणखी एक चाक लावलं आणि ते उलट्या दिशेने फिरवलं. दोन्हींचे परिणाम एकमेकांना मारक. तरी त्याला ती सायकल आरामात चालवता आली. फक्त माणसाशिवाय सोडल्यावर ती लगेच पडली. त्याने मुख्य श्रेय ट्रेलला दिलं. मग २०११ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये आणखी खोडसाळ सायकल मांडली. तिच्यात जायरोस्कोपिक परिणाम शून्याच्या जवळ आणला होता, ट्रेल चार मिलिमीटर उलटा होता, म्हणजे टेकण्याची जागा दांड्याच्या रेषेच्या पुढे होती, आणि तरीही ती माणसाशिवाय स्वतःला सावरत होती. पुढच्या भागातलं वजन खाली आणि पुढे ठेवल्यामुळे सायकल कलली की तो भाग त्या बाजूला लवकर पडू बघतो आणि हँडलही तिकडेच वळवतो. थोडक्यात, दुचाकी ज्या बाजूला पडते त्या बाजूला स्वतःच वळली पाहिजे. हे साधायचे मार्ग अनेक आहेत आणि नेहमीच्या गाडीत ते सगळे मिळून काम करतात.

आता वळण. उजवीकडे वळायला हँडल उजवीकडे फिरवतो, असं कुणीही शपथेवर सांगेल. पार्किंगच्या वेगात ते खरं आहे. ४० च्या वेगात मात्र उजवी मूठ आपण किंचित पुढे ढकलतो, म्हणजे हँडल क्षणभर डावीकडे जातं. टायर डावीकडे सरकतो, गाडी उजवीकडे कलते, आणि मग चाक उजवीकडे येऊन वळण सुरू होतं. विमानवाल्या राइट बंधूंचा धंदा सायकलींचा. त्यांच्यातल्या विल्बरने कितीतरी सायकलस्वारांना वळता कसे म्हणून विचारलं होतं, आणि पहिल्या झटक्यात पूर्ण बरोबर सांगणारा एकही भेटला नाही. अंगवळणी पडलेली गोष्ट डोक्याला ठाऊक नसते. घाटात अचानक वळण आवळत गेलं की घाबरलेला चालवणारा हँडल वळणाच्या बाजूला ओढतो आणि गाडी उभी राहून समोरच्या कठड्याकडे निघते.

किती कलावं लागतं? ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ४० च्या वेगाला साधारण २३ अंश. ५० ला ३३, आणि ६० ला ४३. वेग दीडपट झाला की कल जवळजवळ दुप्पट. पायटा, म्हणजे पाय ठेवायची दांडी, घासायला लागतो त्याच्या कितीतरी आधी शहाण्या माणसाने थांबावं. मागे जाडजूड टायर टाकून घेणारे इथे आणखी फसतात. रुंद टायर कलला की टेकण्याची जागा वळणाच्या आतल्या बाजूला सरकते, त्यामुळे त्याच वेगाला गाडी आणखी कलवावी लागते. दिसायला रुबाब, वळायला आळशी. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा रुंद टायरचा सल्ला देणाऱ्याला मी तरी गाडी देणार नाही.

वजन खाली असलं की गाडी स्थिर, ही समजूतही अर्धीच खरी. उभी गाडी पेलायला, सिग्नलला पाय टेकायला, खाली वजन चांगलंच. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी पायाखाली असते ते म्हणूनच सोयीचं. पण चालत्या गाडीत वजन वर असेल तर ती सावकाश पडते आणि सावरायला वेळ मिळतो. वाऱ्यात मात्र उंची नडते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे आडव्या वाऱ्यात सर्वांत जास्त त्रास होतो तो हँडललाच मोठी काच बसवलेल्या हलक्या गाड्यांना, कारण वारा त्या काचेतून थेट स्टिअरिंग फिरवतो. टाकीभोवती, सांगाड्याला बसवलेली काच एवढी त्रासदायक नसते.

आरामाचं गणित चाकापासून सुरू होतं. ३० सेंटिमीटर लांबीच्या खोल खड्ड्यात ॲक्टिव्हाचं १० इंची मागचं चाक साधारण ६० मिलिमीटर आत पडतं, स्प्लेंडरचं १८ इंची चाक ३९. शॉकअपला पुढे जे काही करायचं ते यानंतर. माणसाच्या धडाला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी वर-खाली हालचाल सर्वांत जास्त जाचते, म्हणून स्प्रिंग त्याहून संथ डुलेल इतपत मऊ ठेवतात. फार मऊ ठेवली की डबल सीटला ती तळ गाठते आणि दणका सरळ मणक्यात. मागच्या शॉकअपच्या तळाशी असलेली पाच खाचांची कडी याचसाठी असते: एकटं असताना खालच्या खाचेत, ओझं असताना वरच्या. तिचा पाना टूलकिटमध्ये येतो. किटची रेक्झिनची गुंडाळी बहुतेकांनी उलगडलेलीच नसते.

बोटांना येणाऱ्या मुंग्या मात्र रस्त्याच्या नव्हेत, इंजिनाच्या. एका सिलिंडरचं इंजिन ४००० फेऱ्यांवर सेकंदाला ६७ वेळा हादरतं. उलटा फिरणारा बॅलन्सर शाफ्ट बसवला की हा हादरा खूप कमी होतो. रॉयल एनफील्डच्या ३५० मध्ये तो २०२० पासून आला, आणि जुने बुलेटवाले ‘आता तो ठोका राहिला नाही’ म्हणून अजून हळहळतात. बसण्याची ढब याहून महत्त्वाची. पायटे गुडघ्यांच्या बरोबर खाली असले की गतिरोधकावर पायांवर जोर देऊन अंग उचलता येतं. पाय पुढे पसरणाऱ्या क्रूझरवर ते जमत नाही आणि सगळा भार माकडहाडावर येतो. झुकून बसायच्या गाडीवर तोच भार मनगटांवर, आणि ते सुसह्य होतं फक्त छातीवर वारा रेलायला लागेल अशा वेगात, जो साताऱ्याच्या पोवई नाक्यावर कधीच मिळत नाही.

सर्वांत वाईट जागा मागच्या सीटवरची. ती मागच्या चाकाच्या जवळजवळ वर असते, त्यामुळे प्रत्येक खड्डा चालवणाऱ्यापेक्षा मागच्या माणसाला जास्त उचलतो. साडी नेसून एका बाजूला बसलेल्या बाईला तर दोन्ही पाय एकीकडेच असल्यामुळे अंगही उचलता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पायटा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकणारं संरक्षण मागतो. बसण्याच्या ढबीबद्दल तो काही म्हणत नाही. पण भूमिती म्हणते. ५५ किलोंच्या बाईचा भार मध्यरेषेपासून १० सेंटिमीटर डावीकडे धरला, तर तोल राखायला सगळी गाडी सरळ रस्त्यावरही सुमारे २ अंश उजवीकडे कलून चालते. नवरा म्हणतो गाडी ओढतेय, मेकॅनिक अलाइनमेंट तपासतो, त्यात काही सापडत नाही. एकट्याने चालवताना ओढ गायब झाली, तर पाना खाली ठेवायला हरकत नाही.