दमट हवेत वाळणारं रोगण

एप्रिल २०२४मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान किशिदा यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना वाजिमा या गावात रोगण चढवून बनवलेले कॉफीचे कप भेट दिले. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला नोतो द्वीपकल्पात ७.६ क्षमतेचा भूकंप झाला होता आणि वाजिमातल्या कितीतरी कारागिरांच्या कार्यशाळा त्यात गेल्या होत्या. आपल्याकडे अशा भांड्यांना सर्रास लाखकाम म्हणतात. मग शंका निघते, की गरम कॉफीनं लाख पाघळत नाही का? लाख असती तर पाघळली असती. लाख हा एका किड्याचा स्राव आहे, तो उष्णतेनं मऊ पडतो आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. वाजिमाच्या कपावरचं रोगण म्हणजे उरुशी नावाच्या झाडाचा चीक, त्यालाही उरुशीच म्हणतात. तो एकदा घट्ट झाला की कढत कॉफी काय, स्पिरिटही त्याला सहसा विरघळवू शकत नाही.

खरी गंमत आहे ती या घट्ट होण्यात. घराला रंग काढायचा तर आपण पावसाळा टाळतो. उरुशीचा कारागीर मात्र रंगवलेली वाटी मुद्दाम दमट केलेल्या लाकडी कपाटात ठेवतो. तापमान साधारण २० ते ३० अंश आणि आर्द्रता ७० ते ८५ टक्के, म्हणजे जवळपास आपला जुलै महिना. कोरड्या हवेत तीच वाटी दिवसचे दिवस चिकट राहते.

कारण उरुशी नेहमीच्या अर्थानं वाळतच नाही. तेलरंगातलं टर्पेंटाइन उडून जातं तसं इथे काहीच उडून जायची गरज नसते. चिकाचा साठ-पासष्ट टक्के भाग उरुशिऑल हे तेलकट द्रव्य असतं. त्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब विखुरलेले असतात आणि चिकातलं लॅकेज हे विकर (एन्झाइम) या थेंबांच्या आश्रयानं काम करतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ साली दाखवून दिलं की चीक घट्ट होण्यामागे त्यातलाच एक विकरासारखा पदार्थ आहे. त्याला लॅकेज हे नाव पुढे फ्रान्सच्या गाब्रिएल बर्त्राँ यांनी दिलं. हवा कोरडी असली की थेंबातलं पाणी उडतं आणि विकर ठप्प होतं. दमट कपाट हवं ते एवढ्यासाठी.

लॅकेजच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात. उरुशिऑलच्या एकेका रेणूकडून एकेक इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा, असे चार जमले की ते हवेतल्या ऑक्सिजनच्या एका रेणूला द्यायचे आणि त्यातून पाण्याचे दोन रेणू बनवायचे, हा त्याचा अखंड उद्योग. इलेक्ट्रॉन गमावलेले उरुशिऑलचे रेणू अस्वस्थ होतात आणि एकमेकांना जोडले जातात. प्रत्येक रेणूला कार्बनच्या १५ अणूंची शेपटी असते आणि तिच्यात शून्यापासून तीनपर्यंत दुहेरी बंध असतात. पुढे या शेपट्याही ऑक्सिजनच्या मदतीनं एकमेकींत गुंततात, पण सावकाश. म्हणून पृष्ठभाग एका रात्रीत हाताला कोरडा लागला तरी कठीणपणा महिनोन्‌महिने वाढत राहतो. घाई केलीत, आर्द्रता फार चढवलीत, तर वरची साय आधी आवळते आणि तिला सुरकुत्या पडतात. थरावर थर देणाऱ्या कारागिराचा निम्मा वेळ वाट पाहण्यात जातो, तो असा.

उरुशीचा प्रसिद्ध काळा रंगही बहुधा काजळी घालून आणलेला नसतो. चिकात लोखंडाची संयुगं मिसळली की त्यांची उरुशिऑलशी अभिक्रिया होते आणि तेलच काळं पडतं. त्या काळेपणाला खोली असते ती यामुळे.

उरुशिऑलचा हा चिकटण्याचा स्वभाव कातडीलाही सोडत नाही. ओला चीक अंगाला लागला की उरुशिऑल त्वचेतल्या प्रथिनांना जाऊन बिलगतं, शरीराला ती प्रथिनं परकी वाटतात आणि एक-दोन दिवसांत पुरळ, फोड उठतात. बिब्बा उतणं म्हणजे हेच. बिब्बा, आंबा, काजू आणि उरुशी एकाच कुळातले, आणि बिब्ब्याच्या तेलातली द्रव्यं उरुशिऑलची सख्खी भावंडं. लिंबू-मिरचीबरोबर बिब्बा दाराला टांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्याची ताकद कातडी सोलायची आहे, नजर उतरवायची नाही. आणि ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ असं छापणाऱ्या जाहिरातदारांनी ओल्या उरुशीत बोट बुडवून पाहावं. पूर्ण घट्ट झालेल्या वाटीत मात्र रेणू जाळ्यात अडकलेले असतात, तिच्यातून खुशाल जेवावं.

आजच्या स्वयंपाकघरात उरुशीला तीन शत्रू आहेत: उन्हातले अतिनील किरण, धातूचे चमचे आणि डिशवॉशर. क्योटोमध्ये चीक तीन रुळांच्या यंत्रातून दळून त्यातले पाण्याचे थेंब आणखी बारीक केले जातात, आणि हे रोगण बाहेरच्या उन्हात जास्त टिकतं. वाजिमाचे कारागीर भाजलेली, कुटलेली डायटमची (सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांची) माती खालच्या थरांत पूर्वीपासूनच घालतात. ती पृष्ठभागावरच्या थरांतही वापरली तर धातूच्या चमच्याचे ओरखडे कमी उठतात. फुकुईमध्ये विद्यापीठ, प्रांत सरकार आणि कारागीर यांनी मिळून डिशवॉशरमध्ये चालणारं उरुशी तयार केलं आहे. अशा बातम्यांत मला रस वाटतो. फुटलेला कप सांधून सोनेरी केलेल्या भेगांवर जीवनविषयक प्रवचनं झोडणाऱ्या चित्रफितींत वाटत नाही. तिथे पुष्कळदा इपॉक्सी हा कृत्रिम गोंद असतो. अस्सल कामात तुकडे जोडतं ते कणकेत मळलेलं उरुशी, आणि सोनं म्हणजे वरून भुरभुरलेली पूड.

अडचण कच्च्या मालाची आहे. झाड दहा-पंधरा वर्षांचं झाल्यावर एका हंगामात त्याला चरे पाडतात, जेमतेम २०० ग्रॅम चीक मिळतो आणि मग झाड तोडतात. जपान आपल्या गरजेचं बहुतेक उरुशी चीनमधून आणतो. देशी उत्पादनात इवाते प्रांतातल्या जोबोजीचा वाटा सर्वांत मोठा आहे. राष्ट्रीय ठेवा असलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीला शक्यतो देशीच चीक वापरायचा, असं सरकारी धोरण २०१८पासून लागू असल्यानं त्यातला पुष्कळसा मंदिरांकडे जातो.

मग स्वस्त वाट्यांवर काय असतं? अनेकदा प्लास्टिकजन्य रोगण, आणि कधी काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनवलेलं. त्या तेलातली द्रव्यं उरुशिऑलच्या जवळची आहेत, पण या रोगणाला ना विकर लागतं ना दमट कपाट. कोकणात काजू फोडताना बायकांचे हात भाजतात ते याच तेलानं. जपानी कायद्याप्रमाणे रोगण कोणतं ते वेष्टनावर लिहावं लागतं. विकत घेण्याआधी ती ओळ कुणाकडून तरी वाचून घ्यावी. उरुशी निघालं तर वाटी उन्हात ठेवू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात घालू नये.