फोन चालतो, पण त्याची डागडुजी कोण करतंय?

कांद्याच्या हंगामात मामांकडे गेलो होतो. साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठी त्यांचं गाव. व्यापाऱ्याचे पैसे खात्यावर आले का ते बघ, म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. पैसे आले होते. सवयीने मी सेटिंग्जमध्ये शिरलो. तिथे ‘अबाउट फोन’मध्ये अँड्रॉइड व्हर्जनखाली ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ अशी एक ओळ असते, तिच्यापुढे तारीख असते. मामांच्या फोनात ती चार वर्षांपूर्वीची होती. मी ते सांगितलं, तर म्हणाले, “फोन ते मस्त चालस ना भाऊ, मंग नवा कशाले लेऊ?”

त्यांचं खरंच होतं. काच शाबूत, बॅटरी दिवसभर टिकते. पण त्या तारखेनंतर अँड्रॉइडमध्ये ज्या फटी सापडल्या, त्यातल्या बहुतेक या फोनात उघड्याच राहिल्या होत्या, आणि कांद्याचे सगळे पैसे त्यातूनच ये-जा करत होते.

फट म्हणजे काय, ते एका जुन्या प्रकरणावरून कळेल. २०१५च्या जुलैत जोशुआ ड्रेक या संशोधकाने अँड्रॉइडमधल्या ‘स्टेजफ्राइट’ या भागातल्या चुका उघड केल्या. गाण्यांच्या आणि व्हिडिओच्या फाइली वाचणं हे या भागाचं काम. फाइलच्या आत तिच्या तुकड्यांची मापं लिहिलेली असतात, आणि स्टेजफ्राइट ती नीट तपासत नव्हता. माप मुद्दाम चुकीचं लिहिलं, की राखून ठेवलेल्या जागेपेक्षा जास्त माहिती स्मृतीत ओतली जाई. शेजारची जागा पुसली जाऊन तिथे हल्लेखोराचा प्रोग्रॅम बसे. असा व्हिडिओ एमएमएसने पाठवला, तर मालकाने मेसेज उघडायचीही गरज नव्हती, कारण फोन स्वतःच तो आधी वाचून ठेवत असे. सुमारे ९५ कोटी फोनांना धोका आहे, असा शोधणाऱ्यांचा अंदाज होता. पुढच्याच महिन्यापासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या जाहीर करायला सुरुवात केली.

पण जाहीर झालेली दुरुस्ती आपल्या खिशापर्यंत पोचायला बराच प्रवास करते. गूगल मूळ अँड्रॉइड दुरुस्त करतं, चिप बनवणारी कंपनी आपला भाग दुरुस्त करते, मग फोनची कंपनी दोन्ही जोडून, तपासून पाठवते. त्या तारखेच्या शेवटी बहुधा ०१ किंवा ०५ असतं, त्यालाही अर्थ आहे. ०१ म्हणजे मूळ अँड्रॉइडच्या दुरुस्त्या आल्या, ०५ म्हणजे कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या सगळ्यात आतल्या गाभ्याच्या, आणि चिपच्याही आल्या. अँड्रॉइड १०पासून काही भाग प्ले स्टोअरच्या वाटेने थेट दुरुस्त होतात, पण खालचा, चिपजवळचा भाग कंपनीवरच अवलंबून राहतो. कंपनीने हात काढून घेतला, की पाणी पाटातच अडतं.

यात एक गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात येते. दुरुस्ती जाहीर झाली, की जुना आणि नवा प्रोग्रॅम शेजारी ठेवून फट नेमकी कुठे होती ते कुणालाही शोधता येतं. त्यामुळे अपडेट न मिळणारा फोन आहे तेवढाच असुरक्षित राहत नाही, महिन्यागणिक अधिक उघडा पडत जातो.

मग कंपनीने सोडलेल्या फोनाची डागडुजी दुसऱ्या कुणी करावी का? मामांना हे फडाच्या भाषेत लगेच पटलं. पांझरेवर पिढ्यान्‌पिढ्या फड पद्धत, म्हणजे मिळून पाणी वाटून घ्यायची रीत, चालत आली. बंधारा सगळ्यांचा, पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा, पाणी वाटायला पाटकरी. पाट फुटला, तर कुणाच्या परवानगीसाठी अडून बसायचं नाही. अँड्रॉइडचा मूळ प्रोग्रॅमही असाच खुला आहे. कुणीही तो वाचावा, सुधारावा, आपल्या फोनावर बसवावा. याच पायावर २०१६च्या अखेरीस ‘लिनिएज ओएस’ ही स्वयंसेवकांनी चालवलेली फोनची प्रणाली उभी राहिली, आणि कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी मॉडेलांना तिच्याकडून आजही दुरुस्त्या मिळतात. ‘ग्राफीन ओएस’ ही अशीच दुसरी प्रणाली सुरक्षेच्या बाबतीत फार काटेकोर आहे, मात्र ती गूगलच्या पिक्सेल फोनांपुरतीच.

मला हे काम मनापासून मोलाचं वाटतं, म्हणूनच त्याच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. मोडेमचे, म्हणजे नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचे, आणि चिपचे आतले प्रोग्रॅम खुले नसतात. चिप कंपनीने ते दुरुस्त करणं थांबवलं, तर लिनिएजचे स्वयंसेवकही तिथे पोचू शकत नाहीत. दुसरी अडचण कुलपाची. नवी प्रणाली बसवायला बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा कुलूपबंद प्रोग्रॅम, उघडावा लागतो, तेव्हा फोनातला सगळा डेटा पुसला जातो. काही कंपन्या तो उघडूच देत नाहीत. बहुतेक फोनांवर लिनिएज बसवल्यावर तो उघडाच ठेवावा लागतो, त्यामुळे फोन चोराच्या हाती पडला तर संरक्षण कमी, आणि बँकेची काही ॲप्स अशा फोनावर चालायला नकार देतात. पिक्सेलवर ग्राफीन बसवून कुलूप पुन्हा लावता येतं. टेलिग्रामवर कुणीतरी टाकलेली अशा प्रणालीची अनोळखी फाइल मात्र बँकेच्या फोनावर कधीच बसवू नये.

खुलेपणा असला म्हणजे काळजी घेतली जातेच, असंही नाही. ॲपलची प्रणाली बंदिस्त आहे, तरी २०१३च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३मध्ये सुरक्षा अपडेट मिळालं. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ या फोनांना ७ वर्षांचं आश्वासन आहे. स्वस्त फोनांची मुदत बरीच कमी असते, आणि आपल्याकडे शेतकऱ्याच्या हातात स्वस्तच फोन असतो, हे मला खुपतं.

आणि लग्नपत्रिकेच्या किंवा चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवायची फाइल, आपण स्वतः बसवली, तर ताजं अपडेटही फारसं कामाला येत नाही. तिथे दार आपणच उघडलेलं असतं.

मामांचं मॉडेल लिनिएजच्या यादीत नव्हतं. आम्ही धुळ्याला गेलो. दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगत होता, मामा एकच विचारत राहिले, “अपडेट कोन्ता सालपर्यंत?” त्याने कंपनीच्या साइटवर शोधून दाखवलं, तेव्हाच पैसे दिले. जुन्या फोनातून सिम आणि बँकेची ॲप्स काढली, तो पूर्ण पुसला. आता तो मळ्यातल्या खोलीत असतो, कांदा निंदताना मजूर त्यावर गाणी लावतात.