फॉर्म्युला वनची गाडी आणि रस्त्यातलं झाकण

लास वेगासची २०२३ ची फॉर्म्युला वन रेस आठवतेय का? आपल्याकडे ती १९ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी साडेअकराला लागली होती आणि दुपारी दोनला अहमदाबादला वर्ल्ड कप फायनल होती, त्यामुळे बहुतेकांच्या डोक्यातून ती पार पुसली गेली असणार (फायनलचा विषय नकोच). पण त्या वीकेंडचा खरा किस्सा रेसमधला नाहीच, तो तिथल्या गुरुवारी रात्रीच्या पहिल्या प्रॅक्टिसमधला आहे. सेशन सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नसतील, ड्रायव्हर कार्लोस साइंझची फेरारी वेगासच्या त्या प्रसिद्ध स्ट्रिपवरून, म्हणजे तिथल्या मुख्य रस्त्यावरून सुसाट निघालेली, आणि खालून काहीतरी असं दणकून लागलं की गाडी जागेवर बंद. रस्त्यातल्या पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण उखडून गाडीच्या पोटाला लागलं होतं. चॅसी (गाडीचा सांगाडा), इंजिन, बॅटरी सगळं कामातून गेलं, एस्तेबान ओकॉन या दुसऱ्या ड्रायव्हरच्या अल्पीन गाडीचंही नुकसान झालं, सेशन तिथेच गुंडाळलं. दुसरी प्रॅक्टिस सुरू व्हायला रात्रीचे अडीच वाजले आणि त्याआधीच प्रेक्षकांना घरी जायला सांगितलं, म्हणजे एवढी महागडी तिकिटं काढून लोकांनी बघितल्या त्या जेमतेम आठ-नऊ मिनिटं गाड्या.

आता मुद्दा असा की त्याच रस्त्यावरून वर्षभर बस जातात, ट्रक जातात, तेव्हा झाकणं जागची हलत नाहीत. मग ड्रायव्हर धरून, इंधन सोडून, जेमतेम आठशे किलोच्या गाडीने असं काय केलं?

तर ट्रक झाकणाला खाली दाबतो आणि रेसिंग कार त्याला वर खेचते, सगळा फरक तिथे आहे. २०२२ ते २०२५ च्या या गाड्यांच्या तळाला दोन बोगदे असायचे, पुढे रुंद, मध्ये अरुंद, मागे परत मोठे होत जाणारे. हवा त्या अरुंद जागेतून जाताना वेग घेते आणि वेग वाढला की तिचा दाब उतरतो. गाडीच्या वर दाब जास्त, खाली कमी, म्हणून गाडी रस्त्याला चिकटते, यालाच डाउनफोर्स म्हणतात आणि फुल स्पीडला तो गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त असतो. पण गाडीखालच्या कमी दाबाला काय माहीत की आपण फक्त गाडी ओढायची, तो खालचा रस्तापण तेवढ्याच जोरात वर ओढतो. डांबर घट्ट बसलेलं असतं म्हणून काही होत नाही. झाकणाखाली मात्र पोकळी असते आणि त्या पोकळीतली हवा नेहमीच्या दाबाची, त्यामुळे झाकण खालून ढकललं जातं. निसर्ग वादळात २०२० ला रायगडात घरांचे पत्रे उडाले ते बऱ्याच अंशी याच कारणाने, वरून जोराचा वारा आणि घरात कोंडलेली हवा.

जरा आकडे मांडून बघू, अगदी ढोबळ. गाडी ताशी ३०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. तळाखाली हवा त्याच्या दीडपट वेगाने निघाली असं धरलं तर तिथला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ५ टक्क्यांनी उतरतो. ५ टक्के म्हणजे किरकोळ वाटतं ना? पण वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास एक किलो असतो आणि ६० सेंटिमीटर व्यासाच्या साध्या मॅनहोलच्या झाकणाचं क्षेत्रफळ होतं २८०० चौरस सेंटिमीटरच्या वर, म्हणजे झाकणाला वर उचलणारं बळ झालं १४५ किलोच्या आसपास. झाकण ७० किलोचं असेल तर त्याच्या वजनाच्या दुप्पट!

पण इथे एक मेख आहे. हे बळ टिकतं किती वेळ? पाच-साडेपाच मीटरची गाडी त्या वेगाने झाकणावरून जायला सेकंदाचा सोळावा हिस्सा लागतो, त्यातही जोराचं खेचणं त्याहून कमी वेळ, आणि तेवढ्यात ७० किलोचं सुटं झाकण वर येतं जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणजे ते काय पतंगासारखं उडत नाही. पण प्रत्येक लॅपला, म्हणजे सर्किटच्या प्रत्येक फेरीला वीसेक गाड्या, प्रत्येक गाडीला एक हिसका, असं ते खिळखिळं होत जातं, मग कधीतरी एक कड वर राहते, आणि गाडीचा तळ रस्त्यापासून असतो किती, थोडेच सेंटिमीटर. पुढचं वेगळं सांगायला नको.

म्हणून शहरातल्या रेसच्या आधी सर्किटवरची झाकणं वेल्डिंग करून पक्की करतात. हे ऐकायला सोपं आहे, पण अशी झाकणं बरेचदा बिडाची असतात आणि बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही हे कुठलाही वेल्डर सांगेल, त्यात कार्बन जास्त, गार होताना तडा जातो. वेगासला तर झाकणाच्या भोवतीची काँक्रीटची फ्रेमच फुटली होती, मग झाकण कितीही पक्कं करा काय उपयोग. शेवटी रातोरात झाकणं काढून खड्डे वाळू आणि डांबराने भरून टाकले.

बरं हे पहिल्यांदा झालं असंही नाही. मोनॅकोला २०१० मध्ये रुबेन्स बॅरिकेलो असाच आपटला, तिथेच २०१६ मध्ये जेन्सन बटनची मॅक्लारेन प्रॅक्टिसमध्ये झाकणावर गेली. आणि बाकूचा २०१९ चा प्रकार तर कहर होता, जॉर्ज रसेलच्या विल्यम्सचा तळ झाकणाने फाडला, सेशन रद्द, आणि ती गाडी ट्रकवर टाकून परत आणताना ट्रकची क्रेन वाटेतल्या पुलाला धडकली आणि क्रेनचं तेल गाडीवर सांडलं. टीमवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला असेल.

तळाखालचं हे खेचणं रस्त्यापासूनच्या उंचीवर फार अवलंबून असतं, काही मिलिमीटरने गणित बदलतं. कायमच्या सर्किटचा डांबरी थर त्याच हिशोबाने घातलेला असतो. शहरातला रस्ता मात्र पाणी वाहून जावं म्हणून मध्ये फुगीर, कुठे पॅच, कुठे जोड. त्या उंचवट्यावर तळ घासला की हवेची वाट अडते आणि डाउनफोर्स एकदम जातो. वेगासच्या त्याच रेसमध्ये तिसऱ्या लॅपला मॅक्लारेनचा लँडो नॉरिस एका बंपवर असाच सुटला आणि थेट भिंतीत, सुदैवाने तपासणीपलीकडे काही लागलं नाही.

त्यात टायर गार, हेपण आलंच. टायर गरम ठेवायच्या खास ब्लँकेटमध्ये ७० अंशांवर तापवलेले टायर त्या वाळवंटातल्या रात्रीच्या थंडीत जवळपास दोन किलोमीटरच्या सरळ पट्ट्यावर भराभर निवतात, आणि गार रबर कडक पडतं, मग ते डांबराच्या बारीक खाचांमध्ये शिरत नाही. एरवी सर्किटवर गाड्या जितक्या फिरतील तितकं रबर रस्त्यावर बसतं आणि पकड वाढत जाते, पण वेगासला सेशन संपलं की रस्ता परत ट्रॅफिकला खुला, म्हणजे सगळ्यांच्या गाड्यांची धूळ आणि तेल त्याच्यावर. रेसच्या पहिल्याच वळणावर व्हर्स्टापेन आणि लेक्लेर हे पुढचे दोघंही ड्रायव्हर घसरत बाहेर गेले ते उगाच नाही. (लेक्लेरला बाहेर ढकलल्याबद्दल व्हर्स्टापेनला ५ सेकंदांची पेनल्टी बसली, तरी जिंकला तोच.)

आणि साइंझ? फेरारीने त्याची गाडी रात्रीतून उभी केली, पण त्यात बॅटरी नवीन लागली आणि ती वर्षाच्या कोट्याच्या बाहेरची होती. म्हणून पेनल्टी, रेस १० जागा मागून सुरू करायची. फेरारीने सूट मागितली, स्टुअर्ड्सनी (रेसच्या पंचांनी) स्पष्ट लिहिलं की अधिकार असता तर दिली असती, पण नियमांत तशी सोयच नाही. क्वालिफायिंगला, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेरीत, दुसरा आलेला माणूस बाराव्या जागेवरून सुटला आणि सहावा आला.