सरटायटल आपोआप पळत नाहीत
परभणी-नांदेडकडच्या नाट्यमंडळींत एक समज पक्का बसलाय: परदेशात नाटक न्यायचं, तर संहितेचं इंग्रजी भाषांतर लॅपटॉपवर टाकलं की रंगमंचावरच्या पडद्यावर भाषांतराच्या ओळी, म्हणजे सरटायटल, आपोआप पळतात. तसं नसतं. प्रत्येक ओळ तालमीला बसलेला माणूस कळ दाबून सोडतो, कारण नट वाक्य गाळतो, मध्येच थांबतो. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ४० अक्षरं. म्हणजे काटछाट आलीच. ‘कामून रं, लई माजलास?’ याला दोन-तीन शब्द पुरतात, बाकीचं नटाचा आवाज सांगतो. विनोदाची ओळ मात्र सुटी ठेवा. ती आधी झळकली की हशा आधीच पिकतो आणि नट तोंडघशी पडतो. शांततेच्या जागी कोरी पाटी लागते (हमखास विसरतात). सरटायटलची ही सोय टोरांटोच्या ऑपेरात १९८३ साली आली; ‘घाशीराम कोतवाल’ १९८० मध्ये युरोपात गेलं ते तिच्याविनाच.